काठावरचं दुकान आणि आडवी बाटली

आमच्या तालुक्याच्या दिवाळी अंकाचे संपादक म्हणजे एक निवृत्त गुरुजी. ते घरी येऊन म्हणाले, "वासुदेव, नदीकाठच्या त्या दुकानाचा इतिहास लिहून द्या. एकतीस वर्षं तुम्ही तिथं होता, तुमच्याइतकं कोणाला माहीत नाही." मग जरा घुटमळून म्हणाले, "आणि मी तिथं कधी आलो नव्हतो, हेही एका ओळीत लिहा." लिहिलं. गुरुजी कधी आले नव्हते.

दुकान म्हणजे सरकारमान्य देशी दारूचं दुकान. गाव इंझोरीच्या पलीकडचं, नदी अडाण. नदीचं नाव अडाण आणि काठावर बसणारे आम्ही अडाणी, हा विनोद मी पहिल्या आठवड्यात ऐकला आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत रोज ऐकत राहिलो. दुकानाला पाटी होती, पण पाटीवरचं नाव कोणी घेत नसे. घरातून निघताना माणूस सांगायचा, "जरा काठावर जाऊन येतो." बायको समजायची, पोरं समजायची, बैलही बहुतेक समजत असावेत, कारण गाडी सोडली की ते आपणहून तिकडे वळायचे.

या जागेचा इतिहास तीन प्रकारचा आहे. पूल व्हायच्या आधी इथं नदीचा उतार होता. बैलगाड्या इथूनच पाण्यातून पलीकडे जायच्या. पाणी चढलेलं असलं की गाड्या थांबत, आणि थांबलेल्या गाडीवानाला मोहाची पाजणारी एक म्हातारी झाडाखाली बसायची. हा पहिला इतिहास. पुढे आमच्या मालकांच्या, बबनशेठच्या, आज्यानं सरकारी ठेका घेतला, टिनाचं छप्पर टाकलं आणि म्हातारीला हुसकावलं. हा दुसरा इतिहास, आणि शेठ तो सांगत नसत. शेठ सांगत तो तिसरा: एक इंग्रज साहेब वाघाच्या शिकारीला आला, आमच्या आज्याच्या हातची प्याला आणि खूष होऊन त्यानं आढ्यात बंदुकीची गोळी झाडली. ते भोक शेठ प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला दाखवत. ते भोक मी स्वतः पंखा लावताना पाडलं होतं. आढं दोनदा बदललं होतं. पण अधिकारी मान वर करून बघत आणि "वा वा" म्हणत. नोकरी माझीही होती, मीही मान वर करून बघत असे.

आता जरा धंद्याचं सांगतो, कारण या अंकाचे बरेच वाचक गुरुजींसारखे कधी न आलेले असतील.

दुकानात बाटलीला पाच नावं. मोठी ती बंपर, निम्मी ती हाफ, त्याच्या निम्मी ती पव्वा, पव्व्याच्या निम्मी ती नव्वदी आणि नव्वदीनंतर "अजून थोडी" हे पाचवं. मी लोखंडी जाळीच्या आत बसायचो. जाळीला हात जाईल एवढी एक चौकट. या चौकटीतून मला माणसाचा फक्त हात आणि छाती दिसे. चेहरा बघायला वाकावं लागे. तरी मी हातावरून सांगू शकत असे की आज याचं घरी भांडण झालं, याच्या गाईनं वासरू दिलं, याला साप दिसला. वरून खाल्ल्या जाणाऱ्या गोष्टी म्हणजे फल्लीदाणे, फुटाणे, उकडलेली अंडी. त्यांना चकना म्हणतात. आमच्याकडे चकन्याचा मान दारूपेक्षा जास्त, कारण भांडणं सगळी चकन्यावरून व्हायची.

आमच्यावर नजर ठेवणाऱ्या खात्याला लोक दारूबंदी खातं म्हणतात. दारू विकायचा परवाना दारूबंदी खात्याकडून घ्यायचा, यात कोणालाच काही चुकल्यासारखं वाटलं नाही. पिणाऱ्यालाही कायद्यानं परवाना लागतो, आणि त्या कागदावर लिहिलेलं असतं की या इसमाला प्रकृती टिकवण्यासाठी मद्याची गरज आहे. मी तो कागद पहिल्यांदा वाचला तेव्हा बाकांवरच्या सगळ्यांकडे एकदा नीट पाहून घेतलं. प्रकृती टिकवायला आलेल्यांची काय प्रकृती होती!

मी स्वतः कधी घेतली नाही. साधुपणा म्हणून नव्हे. पहिल्याच दिवशी शेठ म्हणाले होते, "हलवाई मिठाई खात नाई तवा दुकान चालते." वासानंच पोट भरायचं म्हणा.

पुराची गोष्ट सांगितल्याशिवाय मला कोणी सोडणार नाही, म्हणून सांगतो. श्रावण होता, सकाळचे अकरा. वरच्या अंगाला रात्रभर पाऊस झालेला. नदी वाढतेय हे सगळ्यांना दिसत होतं. आत चौघे बसले होते. पाणी उंबऱ्याला लागलं तसे त्यांनी पाय बाकावर घेतले. बाकाला लागलं तसे ते टेबलावर बसले. मी ओरडलो, "अरे उठा, वाहून जासान!" त्यातला गणपत नावाचा वयस्कर गवंडी ग्लास उजेडात धरून म्हणाला, "वासुदेवा, खरं सांग, याच्यात पानी तुनं टाकलं का नदीनं?"

शेवटी दोराला धरून चौघांना बाहेर काढलं. माल मात्र वाचला नाही. पुठ्ठ्याचे खोके भिजून उकलले आणि बाटल्या एकेक करून, माना वर काढून, नदीत निघाल्या. प्लास्टिकच्या होत्या, बुडायचा प्रश्न नव्हता. खालच्या गावात काय झालं ते मला नंतर कळलं. तिथल्या पुरुषांनी बायकांच्या हातातली धुणी हिसकावून घेतली आणि "तुमी थकल्या असान" म्हणत स्वतः नदीवर गेले. तीन दिवस गेले. इतके स्वच्छ कपडे घातलेली माणसं त्या गावात त्याआधी कोणी पाहिली नव्हती. पंचनाम्याला आलेल्या कारकुनानं विचारलं, "गेलेला माल सध्या कुठं आहे?" शेठ म्हणाले, "जनतेत."

आमच्याकडे येणाऱ्यांत संपत बँडवाला हा माझा सगळ्यात आवडता. तो क्लॅरोनेट वाजवायचा. लग्न असो, जयंती असो, गणपती असो, संपतशिवाय मिरवणूक पुढे सरकत नसे. उंच, काळा, हसला की सगळे दात दिसत. दुपारी काम नसलं की वाद्य घेऊन काठावर यायचा. एकदा दोन चुलतभाऊ शेताच्या धुऱ्यावरून एकमेकांच्या उरावर बसले होते. मी जाळीच्या आत, काही करता येईना. संपतनं शांतपणे क्लॅरोनेट काढलं आणि लेक सासरी निघताना वाजवतात ती चाल सुरू केली. दोघांनाही लेकी होत्या. दोन मिनिटांत ते एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते. संपत मधेच थांबून मला म्हणाला, "पाह्य वासुदेव, पोलीस आले असते तं दोन घंटे लागले असते."

अशा माणसाला मी बारा वर्षं जाळीतून पव्वे दिले. सुरुवातीला कार्यक्रम झाल्यावर एक. मग कार्यक्रमाच्या आधी एक, हात सैल व्हायला. मग कार्यक्रम नसला तरी, नसल्याबद्दल. त्याच्या हाताची बोटं मला रोज चौकटीतून दिसत. ती कधी थरथरायला लागली ते मी पाहिलं. त्याच्या बायकोच्या आधी, डॉक्टरच्या आधी मी पाहिलं.

आसेगावला एक लग्न होतं. वरात दारात आली आणि संपतची बोटं भोकांवर बसेनात. सूर फाटला. नवरदेवाचे मित्र हसले, कोणीतरी शिट्टी मारली. बँडमालकानं त्याला रांगेतून बाहेर काढलं. तो मिळेल त्या गाडीनं थेट आमच्याकडे आला. दुपारचे चार वाजले असतील. अंगात बँडचा लाल कोट, पितळी बटणं, टोपीत तुरा. चौकटीसमोर उभा राहिला. त्यानं मागायच्या आधीच मी बाटली पुढे केली. मला वाटलं, मी त्याचं सांत्वन करतोय.

एकदा मी त्याला नाही म्हटलं होतं. "संपत, आज नाही. घरी जा." तो गेला. पण घरी नाही, नाल्याकडे हातभट्टी लागायची तिकडे. दोन दिवस उलट्या करत पडला. त्यानंतर मी स्वतःची समजूत काढली की माझी निदान सरकारी आहे, मोजून मापून बाटलीत भरलेली आहे. ही समजूत मला फार उपयोगी पडली. पुढचे दोन उन्हाळे मी तिच्यावर काढले. मग संपतच्या पोटात पाणी झालं, डोळे हळदीसारखे झाले आणि तो गेला. त्याच्या अंत्ययात्रेला बँड नव्हता. मी होतो. दुकान दोन तास बंद ठेवून आम्ही सगळे होतो, आणि नंतर सगळे दुकानात आले.

त्याची बायको शांताबाई शाळेत खिचडी शिजवायची. बारीक बाई, आवाज मात्र पूर्ण शाळेला पुरेल असा. नवरा गेल्यावर तीन महिन्यांनी ती घराघरात कागद घेऊन फिरायला लागली. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं असेल तर बायकांनी सह्यांचा अर्ज द्यायचा, सह्या तपासल्या जातात, मग मतदान. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात: एक बाटली उभी, एक बाटली आडवी. दुकान हवं त्यांनी उभीवर शिक्का मारायचा, नको त्यांनी आडवीवर.

ऐकायला सोपं आहे. पण यात एक मेख आहे. मत देणाऱ्यांत जास्त होऊन भागत नाही. मतदारयादीत जेवढ्या बायका, त्यांच्या अर्ध्याहून जास्त आडव्या लागतात. जी आली नाही, तिचं मत उभ्या बाटलीला गेल्यासारखंच. म्हणजे माहेरी गेलेली आमची, ऊसतोडीला गेलेली आमची, आजारी आमची, आणि यादीतून नाव न काढलेल्या मेलेल्या बायकाही आमच्याच.

हे कळल्यावर गावातल्या नवऱ्यांना सासुरवाडीचा असा उमाळा आला की काय सांगू! ज्यानं वीस वर्षांत बायकोला माहेरचं नाव काढू दिलं नाही, तो स्वतः पिशवी भरून स्टँडवर तिला बसवून द्यायला निघाला. "तुये बाबा थकले असतीन. चार दिवस राहून ये." एका बाईचे बाबा जाऊन सहा वर्षं झाली होती.

बबनशेठनी मला बोलावलं. "वासुदेव, मतदानाच्या दिवशी एक काळीपिवळी जीप कर. बायांना पोहरादेवीचं दर्शन घडव. फुकट. सकायी ने, आन पाचच्या नंतर आन."

"पाचले मतदान संपते, शेठ."

"म्हणूनच सांगून राह्यलो ना बाप्पा. येताना गाडी पंक्चर होईन. ड्रायव्हरले सांगतलं हाय. स्टेपनी घरीच ठेवाची."

मी हो म्हटलं. आता मोठेपणा कशाला सांगू? हो म्हटलं, आणि फुकट दर्शनाची दवंडीही मीच दिली.

सकाळी सातला गाडी उभी राहिली. रफिक ड्रायव्हर. बघता बघता चौदा बायका आत कोंबल्या गेल्या. शेवटी शांताबाई आली. मला वाटलं, आता तमाशा होणार, सगळ्यांना खाली ओढणार. तिनं आत वाकून पाहिलं, गाडीला मागून एक चक्कर मारली आणि म्हणाली, "सरका व बायांनो, मलेही देवदर्शन लागते." मग माझ्याकडे वळली. "वासुदेवभाऊ, पयले देव, मंग मत. पाचच्या आत आनून सोडा, हो."

"हो," मी म्हटलं. त्या दिवसांत मी दोघांना दोन वेगळ्या गोष्टींसाठी हो म्हटलं होतं.

दर्शन झालं. प्रसाद झाला. बायकांनी बांगड्या घेतल्या, एकमेकींना बोलावत फिरल्या, झाडाखाली भाकरी सोडली. मी घाई केली नाही. निघायला अडीच वाजले. येताना मी पुढे रफिकच्या बाजूला, आणि माझ्या मागेच शांताबाई. अर्ध्या वाटेत ती पुढे वाकली. मग म्हणाली, "भाऊ, एक विचारू काय?"

"विचारा."

"ह्यांनी कवा गाऱ्हाणं केलं काय तुमाच्यापाशी? माह्याबद्दल?"

मला वाटलं होतं ती मला दोष देईल. त्याची उत्तरं माझ्याकडे तयार होती, बारा वर्षांची तयारी होती. हे विचारेल असं वाटलं नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "म्हणायचा, शांता हाय म्हणून घर हाय."

हे खरं होतं. तो असं म्हणायचा आणि मग हात पुढे करायचा.

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "घरी तुमचंच नाव घेत. म्हणे, काठावरचा वासुदेव लय चांगला मानूस हाय. मागाच्या आधी देते."

गाडीत बाकीच्या बायका हसत होत्या, कोणाच्या तरी बांगडीवरून काहीतरी चाललं होतं. मला फक्त तेवढं वाक्य ऐकू येत राहिलं. ती हे टोमणा म्हणून बोलली नव्हती. टोमणा असता तर मी परतवला असता.

पंक्चरसाठी ठरलेलं बाभळीचं झाड आलं. रफिकनं गाडी हळू केली आणि माझ्याकडे पाहिलं.

"चाल," मी म्हटलं.

"भाऊ, ते पंक्चरचं..." तो दबक्या आवाजात म्हणाला.

"पुढं पाहू."

"पुढं तं गाव हाय!"

"मंग गावातच जाऊ ना बे. तुले रस्ता माहीत नाई काय?"

रफिकनं एकदा माझं तोंड निरखलं, मग गिअर टाकला. चार वाजून दहा मिनिटांनी गाडी शाळेसमोर उभी राहिली. बायका उतरून रांगेला लागल्या. शांताबाई सगळ्यात शेवटी उतरली.

"भाऊ, गाडीले स्टेपनी नाई. म्या सकायीच पाह्यलं होतं."

"मग बसल्या काहून?"

"ह्या तं बसणारच होत्या, फुकटची गाडी. मी नसती तं पंक्चर झाल्यावर ह्या बाया झाडाखाली गाणे म्हणत बसल्या असत्या. मी होती, तं चालवत आणल्या असत्या." तिनं पदर खोचला आणि रांगेत गेली.

मोजणी झाली. निम्म्यापेक्षा नऊ मतं आडवी जास्त निघाली. गाडीत शांताबाई धरून बायका पंधरा होत्या.

शेठ ओट्यावर बसले होते. "पंक्चर काहून नाई झालं?"

"मी होऊ दिलं नाही, शेठ."

मला वाटलं शिव्या देतील, एखादी चप्पल येईल. ते म्हणाले, "एकतीस वर्सं तुले ठेवला, आन तुनं मलेच आडवं केलं." मग स्वतःच्याच बोलण्याला हसले. शेठ तसे माणूस बरे. त्यांनी पुढे परवाना दुसऱ्या गावी हलवला. मला "चाल" म्हणाले होते. मी गेलो नाही. दारू काही बंद झाली नाही हे मलाही कळतं. ती लांब गेली एवढंच. पण लांब गेल्यामुळे निम्म्या माणसांना कंटाळा आला, आणि आमच्या भागात कंटाळ्यानं जेवढं भलं केलं तेवढं उपदेशानं केलेलं नाही.

घरी येऊन मी बायकोला, मंदाला, सांगितलं की नोकरी गेली. ती तांदूळ निवडत होती.

"मले मालूम हाय. म्या सकायी आठलेच आडवी मारून आली."

"आपल्या पोटाचा विचार नाही केला?"

"एकतीस वर्सं तुमाचे शर्ट धुतले म्या. पेणाऱ्याची बायको निदान सांगू तं शकते की नवरा पेते. मले न पेणाऱ्याचे शर्ट पेणाऱ्यासारखे धुवा लागले."

पुढे मी शाळेजवळ पिठाची गिरणी चालवायला घेतली. शर्टांना आता ज्वारीचा वास येतो. तोही तिला आवडत नाही.

दुकान रिकामं करायच्या दिवशी माल शेठच्या गाडीत चढला, पाटी उतरली. मी झाडून घेत होतो. दारात सावली पडली म्हणून पाहिलं तर शांताबाई, आणि तिच्या मागे आठ-दहा बायका. मला वाटलं आता घोषणा देतील, हार घालतील, किंवा खुर्च्या फोडतील. त्या आत आल्या आणि नुसत्या बघत उभ्या राहिल्या. गावातली एकही बाई त्याआधी त्या उंबऱ्याच्या आत आली नव्हती. नवऱ्यांना शोधायला आल्या तरी त्या रस्त्यावरून हाका मारत.

पाच बाक होते. एक जाळी. एक नळ, गळणारा. भिंतीला खांद्यांच्या उंचीवर तेलकट पट्टा, वर्षानुवर्षं टेकलेल्या माणसांचा.

"एवढंसंच हाय काय हे?" एकजण म्हणाली.

दुसरी म्हणाली, "मले वाटे काय तं असन मोठं! खुर्च्या असतीन, लायटी असतीन."

"ह्याच्यापाई माह्या मंगयसूत्राचं सोनं गेलं व माय," तिसरी म्हणाली, आणि नळ बंद करायला गेली. तो बंद होत नसे. तिनं तिथं पडलेली चिंधी गुंडाळून तो बंद केला. एकतीस वर्षांत मला ते सुचलं नव्हतं.

शांताबाईनं विचारलं, "हे कुठं बसत?"

मी मागच्या खिडकीजवळचा बाक दाखवला. ती गेली, पदरानं बाक पुसला आणि बसली. तिथून अडाणचं वळण दिसतं, पलीकडची तूर दिसते, पाण्यावर बगळे असतात. ती कोपर खिडकीवर टेकून बघत बसली. मी हातात झाडू घेऊन उभा.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "जागा मात्र चांगली पाह्यली होती लेकाच्यानं."

एकजण खुदकन हसली, मग सगळ्याच हसल्या, तीही हसली. मग एकेक करून बाकांवर बसल्या, पाय वर घेतले, कोणी पानाची चंची काढली, आणि पाऊण तास त्यांनी गावातल्या प्रत्येक नवऱ्याची नावानिशी अशी काही प्रकरणं उकरून काढली की मी जाळीच्या आत जाऊन बसलो. चौकटीतून त्यांचे फक्त हात दिसत होते.

मग ऊन उतरायला लागलं तशी शांताबाई उठली आणि म्हणाली, "उठा व बायांनो, चुली पेटवाच्या हाय."